बिनगाठीची जाळी

माझ्या बाबांना गाठ खपायची नाही. आम्ही विणकर. नागपुरात लकडगंजच्या पलीकडे, नाल्याकाठी आमची वस्ती होती आणि वस्तीत घरटी एक तरी माग होता. बाबा बारीक सुताची नऊवारी लुगडी विणायचे. मागावर उभं ताणलेलं सूत म्हणजे ताणा. ते मध्येच तुटलं की बाकीचे विणकर चटकन गाठ मारून पुढे जात. बाबा थांबायचे. राखेत बोट बुडवायचे, तुटलेली दोन टोकं अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचे आणि असा पीळ द्यायचे की सांधा कुठे पडला ते नंतर त्यांचं त्यांनाही सापडत नसे. हे सगळं न बघता चालायचं. डोळे दाराकडे, गप्पा शेजाऱ्याशी, आणि बोटं आपली कामात. गाठ मारणाऱ्याला ते विणकर म्हणायचेच नाहीत. "तो पोते शिवणारा," म्हणायचे.

त्यांना मी एकटीच. एकोणीस-वीस वर्षांची होते, सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. माझं तोंड तेव्हाही असंच होतं, म्हणजे जे मनात तेच जिभेवर. आई म्हणायची, "हिले देवानं झाकण द्यायचं विसरलं." आमच्याकडे बायका धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, सुताला खळ लावायच्या, ताणा पसरायला मदत करायच्या, पण मागावर बसायच्या नाहीत. असा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. कोणी विचारतही नव्हतं.

आमचे माग खड्ड्याचे. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या पायानं दाबतो. असा माग उचलून इकडचा तिकडे नेता येत नाही. खांब जमिनीत पुरलेले असतात, आणि खड्डा तर काय, उचलून कुठे नेणार. आमच्या मागच्या खोलीत असे दोन माग होते. एक काकाचा, तो मिलमध्ये लागल्यापासून रिकामा पडलेला. दुसरा बाबांचा. पुढच्या खोलीत चूल, दोन ट्रंका आणि आम्ही तिघं.

त्या मागच्या खोलीच्या मागे नाला. उन्हाळ्यात बघाल तर त्यात डुकरं लोळायची आणि एखादी घाण धार वाहायची. पण पावसाळ्यात तोच नाला असा यायचा की पलीकडच्या काठावर उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. काठ काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या भेगांत पाणी शिरून अख्खी ढेपच्या ढेप खाली बसते. एका वर्षी अशी काही बसली की आमची मोरी गेली, मोरीतला धुण्याचा दगड गेला आणि दगडावर ठेवलेला तांब्या गेला. आईला तांब्याचंच दुःख जास्त. तो तिच्या माहेरचा होता. पावसाळा संपल्यावर बाबांनी हातानं मोजलं. खोलीच्या भिंतीपासून काठापर्यंत चार हात जमीन उरली होती.

पुढच्या पावसाळ्यात खोली जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. खोली गेली की माग गेला, आणि माग गेला की बाबांना काकासारखं मिलमध्ये जावं लागणार. बाबा एकदा काकाबरोबर मिल बघायला गेले होते. येऊन जेवले नाहीत. "तिथं कपडा मशीन विणते, माणूस नुसता पाहारा देते," एवढंच म्हणाले. आम्ही कचेरीत अर्ज दिला. एक साहेब आले, काठावर उभं राहून बघून गेले. अर्जाचं पुढे काय झालं ते त्या अर्जालाच माहीत.

होळी झाल्यावर मी आणि आई खळीसाठी तांदळाची कणी आणायला निघालो होतो. वरच्या अंगाला नाल्यावर नवीन पूल होत होता. पुलाच्या बाजूला सात-आठ माणसं पक्कड घेऊन बसली होती आणि जाड तारेची जाळी बनवत होती. जाळीच्या मोठ्या पेट्या करायच्या, त्यात गोटे भरायचे आणि त्या काठाला एकावर एक रचायच्या, असं काम चाललं होतं. आता त्याला इंग्रजीत काय काय म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात त्याला पुढे गोट्याची पेटीच म्हणायला लागले. मी उभी राहून बघतच राहिले. आई ओढत होती, "चाल ना वं, का माणसं पाहून राहिली?" मी माणसं बघत नव्हते. बाबांना सांगायचं म्हणून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. तिथला मिस्त्री रामटेककडचा, काळा, आडवा, गालात तंबाखूचा खर्रा धरून बोलणारा. पण माणूस दिलदार. त्यानं सगळं सांगितलं. भिंत बांधाल तर पाणी मागून रेटते आणि भिंत एका दमात पडते. पेटीतून पाणी येते-जाते, माती तेवढी अडून राहते. काठ थोडा बसला तर पेटी पण त्याच्यासंगं बसते, तुटत नाही. मग त्यानं जाळीचा एक तुकडा पायाखाली धरला आणि पकडीनं मधली एक तार कापली. दोन्ही हातांनी जाळी ताणून दाखवली. दोन डोळ्यांचं मिळून एक भोक झालं असेल, बाकी जाळी जशीच्या तशी.

"हे पाहा भाऊ," तो म्हणाला, "तार कधी ना कधी तुटनच. झाड येऊन धडकन, जंग लागन. तुटली तं तिनं एकटीनं तुटावं. म्हणून हर डोळ्याले दोन-दोन पीळ मारायचे."

मी बघितलं ते हे. बाबांनी दुसरंच बघितलं. ते त्या पिळांकडे असे बघत होते, जसं कोणी जेवणात केस निघाल्यावर बघतं. घरी येताना म्हणाले, "काम साधं आहे. पण या लोकाईले विणता येत नाही. मुरगळून राहिले नुसते."

झालं. लकडगंजातून तारेची बंडलं आणली आणि अंगणात बाबांनी खुंट्या ठोकल्या, लुगड्याचा ताणा पसरायला ठोकतात तशाच. उभ्या तारा चार-चार बोटांवर ताणल्या. त्यातून आडवी तार एकदा वरून, एकदा खालून घालत न्यायची, काठाला वळवायची आणि तीच तार परत आणायची. मध्ये कुठे तोडायची नाही, कुठे पीळ नाही, गाठ नाही. अगदी लुगड्यासारखं. दोन दिवसांत पहिली जाळी झाली. खरं सांगते, इतकी सुंदर तारेची जाळी मी अजून बघितली नाही. चौकटी सगळ्या एकसारख्या, हात फिरवला तर कुठे टोक लागत नव्हतं. मोहल्ल्यातले म्हातारे विणकर बघायला आले. एकानं विचारलं, "काठ टाकला नाही का गा?" सगळे हसले, बाबाही हसले.

मी नाही हसले. मला तो पायाखाली धरलेला तुकडा आठवत होता. मी म्हटलं, "बाबा, मिस्त्रीनं तार कापून दाखवली होती. आपली कापली तं?"

"कोण कापते? नाला का कैची घेऊन येते?"

"झाड धडकन म्हणे."

"झाड येईन तवा पाहू."

"तवा का पाहता? तवा तं खोली नसन पाहायले."

आई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "तोंड आवर वं." बाबांनी पुढची तार उचलली. त्यांना माझा राग आला नव्हता तेव्हा. पोरीला विणकामातलं काय कळतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला त्याचाच राग आला. मीच कांड्या भरून देत होते, माझ्याशिवाय त्यांचा धोटा एक वेळ चालला नसता, आणि मला काही कळत नाही होय?

चैत्र सरता सरता पाच पेट्या विणून झाल्या. प्रत्येक पेटी चार हात लांब, दोन हात रुंद, कमरेएवढी उंच. आता गोटे. नाल्यातले मी आणि आई टोपल्यानं वाहत होतो, पण ते पुरत नव्हते. मग मोहल्ला धावून आला. कोणी पडक्या चौथऱ्याचे दगड दिले, कोणी फुटकं जातं दिलं, कोणी उखळ. आमच्या शेजारणीनं नवऱ्यावरच्या रागात चांगला धड पाटा आणून टाकला आणि संध्याकाळी राग उतरल्यावर परत न्यायला आली. तोपर्यंत तो पेटीत तळाशी गेला होता. "राहू दे," आई तिला म्हणाली, "तुह्या पाट्यानं आमचा माग वाचन." ती बाई पुढे आयुष्यभर हे ऐकवत राहिली.

चार पेट्या काठाला लागल्या. पाचवी काठाजवळ उभी करून आम्ही भरत होतो, वरपर्यंत भरत आली होती. दुपारचे चार वाजले असतील. पुलावरचा मिस्त्री त्या बाजूनं चालला होता, तो बघायला थांबला. त्यानं पेटीवरून हात फिरवला, वाकून काठ बघितला. खर्रा थुंकला. "भाऊ, हात तं लय भारी आहे तुमचा," म्हणाला. मग खिशातून पक्कड काढली. "एक तार कापून पाहू का?"

"नाही," बाबा म्हणाले. "माह्या कपड्याले कोणी कैची लावत नाही."

मिस्त्री हसला. पक्कड परत खिशात घालणार तेवढ्यात ती मी त्याच्या हातातून घेतली. काहून घेतली ते आजही विचारू नका. खोलीची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला बरोबर ठरायचं होतं. समोर दहा-बारा माणसं उभी होती, सगळी बाबांना मान देणारी, आणि मला त्यांच्यासमोरच बरोबर ठरायचं होतं. मी पेटीच्या पोटापाशी वाकले आणि आडवी तार तोडली.

आधी काही झालं नाही. मग आतल्या गोट्यांनी रेटा दिला आणि तार सरकली. एकच तार ती, काठाला वळून आलेली, त्यामुळे एक ओळ ढिली झाली की वरची, मग तिच्या वरची, उसवल्यासारखी ओळीमागून ओळ सुटत गेली. गोटे माझ्या पायाशी येऊन पडायला लागले. शेवटी अर्धं जातं बाहेर आलं आणि मला मागे उडी मारावी लागली. पेटी पुढून पूर्ण उघडी पडली होती.

आणि मी बाबांना म्हटलं, "पाहा आता तुमचं लुगडं."

हे वाक्य मी परत गिळायला काय वाटेल ते दिलं असतं. पण गिळता येत नाही. मिस्त्रीनं माझ्या हातातून पक्कड काढून घेतली आणि निघून गेला. बाकीचेही एक-एक करून पांगले. बाबांनी ती सुटलेली तार उचलली, तिचा नीट गोल वेटोळा केला, भिंतीला अडकवला आणि आत गेले. आईनं मला त्या संध्याकाळी एक शब्द रागावून म्हटला नाही. त्यावरूनच मला कळलं की मी काय करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा डबा घेऊन निघाले. कुठे जाता, आईनं विचारलं. पुलावर, म्हणाले. सलग तीन दिवस ते त्या मिस्त्रीच्या माणसांत खाली बसून जाळी मुरगळायला शिकले. पोराच्या वयाच्या मजुरांकडून. चौथ्या दिवशी घरी थांबले, काठावरच्या चारही पेट्यांतले गोटे बाहेर काढायला लावले आणि स्वतःच्या हातानं स्वतःची जाळी उसवली. पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता प्रत्येक डोळ्याला दोन पीळ.

माझ्याशी मात्र बोलणं बंद. म्हणजे कामाला मी हवी होते, जाळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. मी समोर हातभर अंतरावर बसलेली असायचे आणि बाबा घरात तोंड करून आईला सांगायचे, "तिले म्हणा, तार ताणून धर." आई चुलीवरून ओरडायची, "ताणून धर म्हणते." मी म्हणायचे, "धरली म्हणा." आई बिचारी भाकरी थापत दोघांचे निरोप पोचवायची. एकदा वैतागून म्हणाली, "मी का टपाल आहो?" पण बाबा काही बधले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मला वाटायचं, मी खरं तेच दाखवलं, माफी कसली? असं दिवसभर वाटायचं आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढताना वाटायचं नाही.

वैशाख संपत आला. मृग डोक्यावर. तीन पेट्या नव्यानं झाल्या, दोन राहिल्या होत्या आणि बाबा घाई करत होते. तार जाड, उन्हात तापलेली, हात घामानं ओले. सुताचा हात तो, कितीही म्हटलं तरी. बाबांच्या बोटांना रोज नवीन चिरा पडायच्या, संध्याकाळी आई त्यांत एरंडेल भरायची. चौथ्या पेटीला मी टोक ताणून धरलं होतं, बाबा शेवटचा पीळ मारत होते आणि तार सुटली. माझ्या हातातून सुटली की त्यांच्या पकडीतून, हे मला आजही सांगता येत नाही. मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. सटकन उलटी गेली आणि त्यांच्या उजव्या हातावर बसली. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या पेरांवरून आडवी गेली, हाडापर्यंत.

दवाखान्यात टाके पडले. बाबा पट्टी बांधून घरी आले, पाणी प्यायले आणि अंगणात येऊन बसले. "तिले म्हणा," ते आईला म्हणाले, "पीळ आता तिनं मारावं. मी टोक धरतो." मग उरलेलं सगळं मी मुरगळलं. डाव्या हातानं टोक धरून ते बघत बसायचे. पीळ ढिला पडला की आईला सांगायचे.

पाचवी पेटी काठाला बसली त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पावसाला सुरुवात झाली. नाला दोनदा लहानसा आला आणि आषाढात एकदा खरा आला. दुपारभर आम्ही तिघं मागच्या खोलीत उभे होतो. भिंतीला हात लावून आई बघायची की थरथरते का. पाण्यात एक अख्खं बाभळीचं झाड आलं, पेटीला धडकलं, फिरलं, पुन्हा धडकलं आणि निघून गेलं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर दुसऱ्या पेटीच्या तीन तारा तुटल्या होत्या. गोटा एक बाहेर आला नव्हता. पाचही पेट्या थोड्या खाली बसल्या होत्या, पुढच्या बाजूला कललेल्या, जागच्या हलल्या नव्हत्या. चार हात जमीन चार हातच राहिली.

शेजारीपाजारी बघायला आले. पाट्यावाली आली आणि आपला पाटा कोणत्या पेटीत आहे ते सगळ्यांना दाखवत बसली. आईनं गूळ वाटला. बाबा खोलीच्या दारात उभे होते आणि मला वाटलं, आता बोलतील. बोलले नाहीत. पण खुश होते. माग झाकून ठेवला होता त्यावरचं धडपं काढून त्यांनी झटकलं.

टाके कधीच निघाले होते, पण डॉक्टरनं हात वापरू नका सांगितलं होतं म्हणून पोळा होईपर्यंत थांबले. मग ताणा चढवला. मी आणि आईनं खळ लावली, कांड्या भरल्या. सकाळी आंघोळ करून बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले. घरात पुन्हा मागाचा आवाज सुरू झाला. तीन-साडेतीन महिन्यांनी. आई स्वयंपाक करता करता मध्येच थांबून ऐकायची.

पहिलं लुगडं झालं ते व्यापाऱ्यानं उजेडात धरलं. कपड्यात उभ्या रेघा दिसत होत्या, जिथे ताण्यातली सुतं तुटून तशीच राहून गेली होती. कुठे फुगीर सांधे, कुठे चक्क गाठी. व्यापारी जुना माणूस. घडी घालून बाजूला ठेवलं, एवढंच. बाबा म्हणाले, "हात बसला नाही अजून." आम्हीही तेच म्हणालो. दुसऱ्या लुगड्याच्या वेळी मी कांड्या भरण्याच्या निमित्तानं जवळ बसून राहायचे. सूत तुटलं की बाबा आता थांबून खाली बघायचे. डोळे बारीक करून बोटांकडे बघायचे. पूर्वी त्यांनी कधी बोटांकडे बघितलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी असंच सूत तुटलं. ढगाळलेलं होतं, खोलीत उजेड कमी. बाबांनी राखेत बोट बुडवलं, ताण्यात हात घातला, एक टोक धरलं, दुसरं धरलं, पीळ द्यायला लागले. बराच वेळ बोटं फिरत राहिली. मग फिरायची थांबली. आई बाहेर गेली होती, घरात आम्ही दोघंच. त्यांनी अंगठा आणि बोट तसंच मिटलेलं ठेवून हात माझ्याकडे केला.

"पाहाय बरं," ते म्हणाले, "सूत आहे का माह्या बोटात?"

वैशाखापासून ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी वाकून बघितलं. चिमूट घट्ट धरलेली होती, त्यात काहीच नव्हतं. दोन्ही टोकं खाली ताण्यावर पडली होती.

मला आहे म्हणता आलं असतं. जन्मात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं, आणि तेव्हाही नाही बोलले. "नाही बाबा," म्हटलं.

त्यांनी चिमूट उघडली. बोटांची पेरं एकमेकांवर घासून बघितली, पुन्हा एकदा घासली. मग दोन्ही हात जमिनीला टेकून खड्ड्यातून वर आले, धोतराला हात पुसले आणि बाजूला झाले.

"बस," म्हणाले.

मी पाय खड्ड्यात सोडले. बाबा मागे उभे राहिले आणि कुठलं टोक आधी धरायचं, राख किती घ्यायची ते सांगायला लागले. सरळ मलाच सांगत होते. माझे डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसेना. पण ताण्याला खळ लावलेली असते. तिच्यावर पाणी पडलं की सूत मऊ होतं आणि तिथेच तुटतं. म्हणून मी रडले नाही. दोन टोकं चिमटीत धरली आणि पीळ दिला.